ऑनलाइन पोकरचा डिपॉझिट बोनस: जाहिरात वाचताना करायचं गणित

‘पाच हजार भरा, पाच हजार बोनस मिळवा.’ असा मेसेज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवरही येतो आणि नव्या पेठेतल्या दुकानदाराच्या मोबाइलवरही. वाचणाऱ्याला वाटतं, आपले पाच आणि त्यांचे पाच, म्हणजे दहा हजार झाले. हरलो तरी निम्मे त्यांचेच जातील. हा समज चुकीचा आहे. तो कुठे चुकतो, हे नवख्या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन तपासता यावं, म्हणून हा लेख. सोलापुरात बरेच जण रमी आणि तीन पत्ती खेळत मोठे झालेत, त्यामुळे पत्ते नवे नसतात. बोनसच्या अटी मात्र नव्या असतात, आणि पैसे त्या अटींमध्ये अडकतात.

आधी कायदा पाहू, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

कायदा काय म्हणतो

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर तो बंदी घालतो. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, त्यात फरक केलेला नाही. पोकर हा कौशल्याचा खेळ की जुगार, यावर आपल्याकडे उच्च न्यायालयांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले. या कायद्याच्या व्याख्येत त्या वादाला जागाच ठेवलेली नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पैशांचे व्यवहार पुरवणारेही शिक्षेच्या कक्षेत येतात. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायदा आल्यावर काही दिवसांतच मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे खेळ आणि डिपॉझिट बंद केली. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत.

म्हणजे आज सोलापुरात बसून तुम्हाला डिपॉझिट बोनसची जाहिरात दिसत असेल, तर ती पाठवणारा मुळातच या कायद्याच्या बाहेर उभा आहे. मग बोनसचं गणित शिकायचं कशासाठी? एक तर जाहिराती थांबलेल्या नाहीत, आणि गणित कळलेला माणूस त्यांना सहज भुलत नाही. दुसरं, अनेकांच्या जुन्या खात्यांत बोनस, शिल्लक आणि टीडीएस (जिंकलेल्या रकमेतून कापला जाणारा कर) यांचा हिशेब अजून राहिलेला आहे. तिसरं, सोलापूरची कितीतरी मुलं नोकरी-शिक्षणासाठी बाहेर जातात. अमेरिकेत न्यू जर्सी, नेवाडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा राज्यांत ऑनलाइन पोकर परवान्यावर चालतो, आणि तिथेही बोनस याच पद्धतीने दिला जातो.

पहिली पायरी: कंपनी पैसे कुठून कमावते ते समजून घ्या

पोकरमध्ये तुम्ही कंपनीविरुद्ध खेळत नाही, टेबलावरच्या इतर माणसांविरुद्ध खेळता. कंपनी प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या पैशांतून, आपला वाटा काढते. पत्त्यांच्या क्लबात याला नाल म्हणतात, ऑनलाइन पोकरमध्ये रेक म्हणतात. साधारण पाच टक्के रेक आणि त्याला एक कमाल मर्यादा, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडले जाणारे पहिले तीन पत्ते, येण्याआधीच सगळ्यांनी पॅक केलं, तर त्या डावात बहुधा रेक घेतला जात नाही. टूर्नामेंटमध्ये हीच कमाई प्रवेश फीमध्ये असते. ‘१०० + १०’ असं लिहिलेलं असेल तर शंभर बक्षिसांच्या रकमेत जातात आणि दहा कंपनीकडे.

बोनस कळायला एवढी एक गोष्ट पक्की हवी: बोनस या रेकमधूनच परत येतो. तुम्ही आधी रेक भरता, मग त्याचा काही भाग तुम्हाला ‘बोनस’ म्हणून दिला जातो. नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानदाराने तुम्हाला पाच हजारांची कुपनं दिली आणि सांगितलं, ‘पुढच्या साठ दिवसांत दर पाचशेच्या खरेदीवर यातलं शंभराचं एक कुपन वटेल.’ तर घरी येऊन तुम्ही पाच हजार मिळाले असं सांगणार नाही. वीस टक्के सूट मिळाली म्हणाल, तीही पंचवीस हजारांच्या चादरी घेतल्या तर. डिपॉझिट बोनसकडेही असंच पाहायचं.

दुसरी पायरी: ओळ वाचा, मग तिच्याखालचा बारीक मजकूर वाचा

‘१००% बोनस, ५,००० रुपयांपर्यंत’ या ओळीत दोनच गोष्टी आहेत. टक्केवारी सांगते, भरलेल्या रकमेच्या किती पट बोनस खात्यावर दिसेल. ‘पर्यंत’ ही मर्यादा आहे. दहा हजार भरले तरी बोनस पाच हजारांचाच. बहुतेक ठिकाणी हा बोनस फक्त पहिल्या डिपॉझिटला असतो. पहिल्यांदा पाचशे भरले तर पाचशेचाच बोनस, आणि संधी संपली. त्यामुळे नवखा माणूस पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त रक्कम भरायला बघतो. ऑफरची रचना त्यासाठीच केलेली असते. किमान डिपॉझिट किती आणि बोनस कोड कधी टाकायचा, हेही तिथेच लिहिलेलं असतं. कोड पैसे भरताना टाकला नाही, तर नंतर सहसा चालत नाही.

बारीक मजकुरात चार गोष्टी शोधा: किती पॉइंटला (रेक भरला की मिळणारे गुण) किती रुपये सुटतात, म्हणजे रोख होतात, पॉइंट कशावर मिळतात, मुदत किती दिवसांची, आणि मधेच पैसे काढले तर काय होतं. यातली एक जरी सापडली नाही, तरी गणित पूर्ण होत नाही. गणित होत नाही अशा ऑफरला मी तरी हात लावू नका म्हणेन.

तिसरी पायरी: बोनस कोणत्या खिशात पडतो ते बघा

खात्यात ‘१०,००० रुपये’ दिसले म्हणजे दहा हजार काढता येतात असं नाही. पोकरमध्ये सर्वांत जास्त चालणारा प्रकार टप्प्याटप्प्याने सुटणाऱ्या बोनसचा. पाच हजार ‘प्रलंबित’ म्हणून बाजूला दिसतात. टेबलावर ते नेता येत नाहीत. पॉइंट जमतील तसतसे शंभर-दोनशेचे हप्ते रोख शिल्लकीत येतात. दुसऱ्या प्रकारात सगळे पॉइंट पूर्ण झाल्यावरच पूर्ण बोनस एकदम मिळतो. नव्वद टक्के काम झालं आणि मुदत संपली, तर हातात शून्य. तिसऱ्या प्रकारात बोनस लगेच खेळायला मिळतो, पण तो स्वतः कधीच काढता येत नाही. पैसे काढताना तेवढी रक्कम वजा होते. याला इंग्रजीत चिकटा बोनस अशा अर्थाचं नाव आहे, आणि तो कॅसिनो खेळांकडे जास्त दिसतो. काही ठिकाणी रोख रकमेऐवजी टूर्नामेंटची तिकिटं देतात. तिकीट विकता येत नाही आणि त्यालाही तारीख असते.

तिघांत हप्त्यांचा प्रकार नवख्याला त्यातल्या त्यात बरा, कारण सुटलेला हप्ता तुमचाच राहतो.

चौथी पायरी: कागद घ्या आणि हिशेब मांडा

इथे घाई करू नका. एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, पण ऑफर अशाच घडणीच्या असतात.

पाच हजार भरले, पाच हजारांचा बोनस लागला. अट अशी: एक रुपया रेकला एक पॉइंट, पाचशे पॉइंटला शंभर रुपये सुटणार, मुदत साठ दिवस.

आधी खरी टक्केवारी काढा. पाचशे रुपये रेकमागे शंभर रुपये परत, म्हणजे वीस टक्के. जाहिरातीत शंभर टक्के लिहिलं होतं, ते डिपॉझिटच्या हिशेबाने. तुमच्या खर्चाच्या हिशेबाने बोनस वीस टक्क्यांचा आहे. दोन ऑफरची तुलना करायची तर नेहमी या दुसऱ्या आकड्याने करावी. दोनशे टक्क्यांची ऑफर रेकवर दहाच टक्के परत देत असेल, तर ती शंभर टक्केवालीपेक्षा वाईट.

आता पूर्ण बोनस सुटायला किती रेक भरावा लागेल? पाच हजार भागिले शंभर म्हणजे पन्नास हप्ते, प्रत्येकाला पाचशे. एकूण पंचवीस हजार रुपये रेक.

एवढा रेक भरायला किती डाव लागतील, ते टेबलावर अवलंबून आहे. नवखा माणूस एक-दोन रुपये ब्लाइंडच्या टेबलावर बसतो असं धरू. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोन खेळाडूंना लावावीच लागणारी रक्कम; त्यातली मोठी, इथे दोन रुपये, ती बिग ब्लाइंड. छोट्या टेबलावर शंभर डावांमागे एका खेळाडूच्या वाट्याला आठ बिग ब्लाइंड इतका रेक येतो असं धरलं, तर ते झाले सोळा रुपये. पंचवीस हजारांना सोळाने भागा आणि शंभराने गुणा: १,५६,२५० डाव. एका ऑनलाइन टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात. पासष्ट धरले तर सुमारे २,४०० तास. साठ दिवसांत मुळात तासच १,४४० असतात. रात्रंदिवस न झोपता एकाच टेबलावर खेळलात, तरी हा बोनस पूर्ण सुटत नाही.

मग प्रत्यक्षात किती मिळेल? कामावरून आल्यावर रोज दोन तास, असे साठ दिवस म्हणजे १२० तास, ७,८०० डाव. रेक भरला १,२४८ रुपये. पाचशेचे दोन टप्पे पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर राहिला. मिळाले दोनशे रुपये. पाच हजार बोनसच्या ओळीमागे या माणसासाठी दोनशे रुपये होते.

त्यातही, पॉइंट कशावर मिळतात ते महत्त्वाचं. पूर्वी काही साइट्सवर डावात पत्ते वाटलेल्या प्रत्येकाला पॉइंट समान मिळत. नंतर तुम्ही पॉटमध्ये किती पैसे घातले त्या प्रमाणात पॉइंट देण्याची पद्धत रूढ झाली. सावधपणे खेळणारा, वाईट पत्ते आले की पॅक करणारा नवखा माणूस, म्हणजे खरं तर शहाणा खेळाडू, या पद्धतीत सर्वांत कमी पॉइंट मिळवतो.

पाचवी पायरी: मुदत तुम्हाला कुठे ढकलते ते ओळखा

या लेखातलं मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हे. बोनस सुटत नाही असं दिसलं, की माणूस दोनच गोष्टी करू शकतो: तास वाढवणं किंवा टेबल मोठं करणं. वर काढलेल्या हिशेबात रोज दोनच तास देऊन साठ दिवसांत पंचवीस हजार रेक भरायचा, तर शंभर डावांमागे सुमारे ३२० रुपये रेक पडला पाहिजे. आठ बिग ब्लाइंडच्या दराने बिग ब्लाइंड झाला चाळीस रुपये. म्हणजे वीस-चाळीसचं टेबल.

एक-दोनच्या टेबलावर शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसायला दोनशे रुपये लागतात. पाच हजारांत असं पंचवीस वेळा बसता येतं. चार-पाचदा सगळं गेलं तरी शिकायला वाव राहतो. वीस-चाळीसच्या टेबलावर शंभर बिग ब्लाइंड म्हणजे चार हजार. तुमचे पाच हजार धड दोनदाही बसायला पुरत नाहीत. शिवाय तिथली माणसं तुमच्यापेक्षा मुरलेली असतात. पाच हजारांचा बोनस मिळवायला गेलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी पाच हजार हरू शकतो, आणि बोनस मात्र खात्यावर ‘प्रलंबित’ दिसत राहतो. तो संपवण्यासाठी परत पैसे भरावेसे वाटतात. पगाराच्या दिवशी हा मोह जास्त होतो, घरखर्चाचे पैसेही त्यात ओढले जातात. स्वतःच्या बाबतीत किंवा घरातल्या कोणाच्या बाबतीत हे घडताना दिसलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन करायला लाजू नका.

उरलेल्या अटी, थोडक्यात

मुदत संपण्याआधी पैसे काढले, तर बऱ्याच ठिकाणी न सुटलेला बोनस रद्द होतो. काही ठिकाणी कितीही थोडे काढले तरी पूर्ण रद्द. रेकबॅक (भरलेल्या रेकचा ठरावीक हिस्सा परत मिळणं) आणि बोनस दोन्ही चालू असतील, तर मिळालेला बोनस रेकबॅकमधून वजा करण्याची पद्धत असते. दोन्ही पूर्ण मिळतील असं धरू नका. एका घरात, एका वायफायवर दोन खाती उघडून दोनदा बोनस घेतला, तर खातं बंद होऊन शिल्लकही अडकू शकते. पैसे न भरता मिळणारा छोटा बोनस जिंकून काढायला गेलं, की आधी डिपॉझिट करा असं सांगणाऱ्या ऑफरही असतात.

आणि कंपनीच बुडाली तर बोनसच काय, शिल्लकही जाते. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्टकडे खेळाडूंना परत द्यायला पुरेसे पैसेच नव्हते. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने अमेरिकी न्याय विभागाशी तडजोड करून फुल टिल्ट ताब्यात घेतली, तेव्हा कुठे त्या खेळाडूंचे पैसे परत मिळण्याचा मार्ग खुला झाला.

जुन्या खात्यातला बोनस, जीएसटी आणि टीडीएस

बंदीपूर्वी खेळलेल्यांना एक कोडं हमखास पडतं: हजार भरले होते, मग खात्यात ७८१ रुपये २५ पैसेच का? १ ऑक्टोबर २०२३ पासून डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. हजारात तो धरलेला असेल तर २१८ रुपये ७५ पैसे कर आणि उरलेले तुमचे. अनेक अ‍ॅप्स तेवढीच रक्कम बोनस म्हणून परत दाखवत, त्यामुळे एकूण आकडा हजारच दिसायचा. तो बोनस मात्र रोख नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला.

टीडीएस वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्याच्या कलम १९४-बीए प्रमाणे निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कापला जाऊ लागला, पैसे काढताना किंवा आर्थिक वर्ष संपताना. वर्षात दहा हजार भरले, पंचवीस हजार काढले, आधीची शिल्लक काही नव्हती, तर निव्वळ जिंकणं पंधरा हजार आणि कर साडेचार हजार. कंपनीने दिलेला बोनस तुम्ही भरलेल्या पैशांत धरत नाहीत, त्यामुळे तो रोख होऊन बाहेर आला की जिंकलेल्या रकमेतच मोजला जातो. जो बोनस फक्त खेळायला वापरता येतो आणि काढता येत नाही, तो या हिशेबात येत नाही. आयकर खात्याच्या मे २०२३ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये तुम्ही जुन्या अ‍ॅपमधून पैसे काढले असतील, तर आयकर पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावरचा कापलेला कर आणि उत्पन्न यांच्या नोंदी) उघडा आणि १९४-बीए ची नोंद आहे का बघा. अशी कमाई असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. मोबाइल, इंटरनेट वगैरे खर्च त्यातून वजा होत नाहीत, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी या रकमेवर ३० टक्के दर आणि उपकर लागतो. सल्लागाराकडे जाताना फक्त पगाराचा कागद नेऊ नका, ही नोंदही दाखवा. बरेच जण लाजून लपवतात आणि मग नोटीस येते.

टेलिग्रामवरून ऑफर आली तर

आता येणाऱ्या ऑफर बहुतेक परदेशी साइट्सच्या किंवा सरळ फसवणुकीच्या असतात. एक खूण सोपी आहे: पैसे कंपनीच्या नावाने न जाता कुठल्या तरी व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले जातात आणि तो क्रमांक दर थोड्या दिवसांनी बदलतो. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. तुम्ही जिंकलेले पैसेही अशाच खात्यातून येतात, आणि त्या खात्याविरुद्ध दुसऱ्या कोणाची सायबर तक्रार असेल तर तुमचं बँक खातं गोठवलं जाऊ शकतं. मग पगार, ईएमआय, सगळंच थांबतं. ‘बोनस सोडवण्यासाठी आधी कर भरा’ असं कोणी म्हणालं, तर ती फसवणूकच समजा; टीडीएस कापून घेतात, आगाऊ मागत नाहीत. आपलं खातं कमिशनवर वापरायला देणं तर त्याहून धोक्याचं, कारण पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात.

पोकर शिकायची हौस असेल, तर खोट्या चिप्सचे, पैसे न लागणारे खेळ आहेत. घरी चार मित्र बसून शेंगदाण्यांवरही खेळता येतो. पैसे गेलेच असतील, तर ताबडतोब १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक), समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी ते काढून घ्या, नंतर तो ग्रुप उघडेलच याची खात्री नसते.